दोघांनी घातलेलं तेल

गॅरेजच्या बाकावर बसलेल्या आजोबांना शेजारी बसलेल्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. त्या जोडप्याची जुनी, ऐटदार ऑटोमॅटिक गाडी मेकॅनिक तपासत होता.

“इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्स गेला असेल तर विकून टाकू म्हणतात हे.”

“मी कुठे? तूच म्हणालीस!”

“ताई, गिअरबॉक्स शाबूत आहे. त्यातलं तेल जळालेलं नाही, पण जास्त झालंय. त्याचा फेस होतो, म्हणून गिअर घसरतो. कोणी घातलं?”

“मी. रविवारी, हे झोपले होते तेव्हा. मोजलं नाही, पण कमी वाटलं.”

“अगं, शनिवारी मी घातलं होतं!”

“मला न सांगता?”

“गाडी कुरकुरतेय असं सांगितलं असतं तर तू गाडी विकायला काढली असतीस.”

“मी? मला वाटलं, तुम्ही काढाल!”

“म्हणजे तुलाही विकायची नाही?”

“विचारायला तोंड नव्हतं तुम्हाला?”

“दादा, जास्तीचं तेल काढतो. तासाभरात गाडी न्या, भांडणही न्या.”

“यापुढे तेल मीच बघेन.”

“काही नको, मी बघेन! आजोबा, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?”

“दोघांची,” आजोबा हसले. “पण चालू द्या तुमचं. मला घरी जायची घाई नाही, तिथे भांडायला कोणी नाही.”