रंगूनची बरणी

मला बागायतीतलं फार कळतं असं तुम्हाला वाटतं ना, मग हे ऐका. माझा मेव्हणा दत्ता रंगूनच्या बोटीवर खलाशी. एकदा सुट्टीवर आला तो बंदरावरून थेट आमच्याकडे, भाट्याला. ओटीवर बरणी ठेवलीन, "भावोजी, ही खास तुमच्यासाठी," म्हणाला आणि विहिरीवर आंघोळीला गेला.

मी झाकण उघडलं नि डोळ्यांत पाणीच आलं. कुजलेल्या कोलंबीचा वास. म्हटलं, मेव्हण्याला अक्कल आली. आमच्या दारच्या माडाला नारळ धरत नाहीत म्हणून एवढ्या लांबून मासळीचं खत आणलंन. लगेच आळं खणून सगळी बरणी ओतली. वर बरणी विसळून ते पाणीही घातलं.

दत्ता पानावर बसला. बायकोने गरम भात वाढला.

"भावोजी, बरणी आणा. आंबवलेल्या कोलंबीची चटणी आहे, रंगूनला रस्त्यावर विकतात. निम्मे लोक नाक दाबून पळतात, निम्मे भाताबरोबर बोटं चाटून खातात."

"माडाला घातली," मी म्हणालो.

दत्ता कोरडा भात जेवला. पुढल्या वर्षी माड नारळांनी लगडला.

आता दत्ता आला की बरणी माझ्या हाती देत नाही. ती घेऊन सरळ माडापाशी जातो नि माझ्या बायकोला सांगतो, "ताई, ह्या घरात चव कळते ती ह्यालाच."