नटीला पुरणपोळी

तुम्ही हसाल, पण मूकपटांच्या काळातल्या हॉलिवूडच्या एका नटीला आमच्या हट्टा गावात पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला गेलाय. तिचा काळापांढरा फोटो मी चौकटीसकट माहेराहून आणला होता. अक्षय्य तृतीयेला सासूबाईंनी पितरांच्या फोटोंबरोबर त्यालाही हार घातला. काळापांढरा फोटो म्हणजे वारलेलं माणूस, एवढं त्यांचं पक्कं.

“लग्नाला दिसली न्हाई, ती तुझ्या मायची माय हीच व्हय? काय काम करायची?”

नटी म्हटलं असतं तर फोटो माळ्यावर गेला असता. मी नुसती मान हलवली आणि बाकी सगळं खरं सांगितलं. “आधी कामावर तोंड उघडायचंच न्हाई, सगळं डोळ्यांनी सांगायचं. पुढं बोलायला लागली, तर लोकांनी अजूनच डोक्यावर घेतलं. मग ऐन भरात काम सोडलं अन् पुन्हा कुणाला तोंड दाखवलं न्हाई.”

“लई मानी बाई!” म्हणत त्यांनी तिला अजून एक पोळी वाढली.

तेवढ्यात मला न्यायला आई आली.

“इहीनबाई, आधी तुमच्या मायला हात जोडा.”

आईनं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, निमूट हात जोडले आणि माझ्या कानाशी लागली, “जोडले बाई. पण माय बाहेर जीपमधून उतरून राहिली, तिला काय सांगू?”