दोन बोटं मोठी कुंडी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या चिटणीस बाई, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले माळीकाका आणि समोर बसलेले माझे शेजारी, आधी देवाला आणि मग तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, माइकसमोर पहिल्यांदाच उभी आहे. काकांनी वीस वर्षं आपल्या इमारतीची बाग राखली, हे अध्यक्षांनी सांगितलंच. मी वेगळं काय सांगणार? माझ्या घरातल्या एका झाडाचं सांगते.

आमची मुलगी मागच्या वर्षी गेली. आजारपणात तिनं खिडकीतल्या छोट्या कुंडीत रबराच्या झाडाची फांदी लावली होती. तिच्यामागे ते झाड वाढत राहिलं. यंदा घातलेलं पाणी तसंच खालून वाहून जाऊ लागलं, भोकातून मुळं डोकावली. काका येऊन म्हणाले, "वहिनी, आत दाटी झालीय. कुंडी बदला. पण दोन बोटंच मोठी घ्या हं."

आता मला सांगा, आपण मुलांचे कपडे कसे घेतो? वाढत्या अंगाचे! मीही बादलीहून मोठी कुंडी आणली. पुन्हा पुन्हा खर्च कशाला? काका म्हणाले, "यात झाड लावायचंय की तुम्हाला आंघोळ करायचीय?" मी हसले, आणि ते गेल्यावर माझं मीच झाड त्यात लावून टाकलं.

एवढ्या मातीतलं पाणी ती एवढीशी मुळं कशी पिणार? माती ओलीच राहिली. पानं पिवळी पडली. मला वाटलं तहानलंय, म्हणून आणखी पाणी घातलं. देवाजवळ त्याच्यासाठी हात जोडत होते आणि त्याच हातांनी त्याला बुडवत होते. काकांनी झाड उपटून पाहिलं, तेव्हा मुळं चिखलासारखी बोटांना लागली. खोड वरून खाली कापत गेले; आतून सगळं काळं. "वहिनी, यात आता काही उरलं नाही," एवढंच बोलले.

तो खुंट मी फेकू दिला नाही. मातीत परत खोचला आणि घरी सांगितलं, काकांनी छाटलंय, फुटेल. तेव्हापासून आमचे हे रोज सकाळी कुंडी थोडी थोडी फिरवतात, फुटव्याला चारी बाजूंनी ऊन मिळावं म्हणून. विचारतात, "आज काही दिसतंय का गं?" मी म्हणते, "दिसेल." दोन महिने झाले. काकांनी अवाक्षर काढलं नाही. पण उद्यापासून काका नसतील, आणि हे खोटं एकटीनं वागवायची ताकद माझ्यात नाही.

हे दुसऱ्या रांगेत बसलेत. अहो, उद्या कुंडी फिरवू नका. तिचं झाड गेलं. मीच घालवलं.

काका, बागेबद्दल आणि गप्प राहिलात त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी मी आपलंच रडगाणं गायले, ते सभेनं पोटात घालावं. ज्यांची खरी माफी मागायची, ते मान खाली घालून बसलेत. त्यांच्याजवळ जाऊन बसते. नमस्कार.