पापणी लवणारा दिवा

— हा बर्फ नव्हे, भुगा आहे भुगा. तासाभरात पाणी होईल याचं.

— ती दोरी नाही हो. तुमच्या पायाखालची.

— आमचे वडील सांगायचे, तो दिवा रोज संध्याकाळी एकदा पापणी लववतो.

— खाली किती खोल आहे, ते मला कुणी सांगायचं नाही.

— डॉक्टर म्हणाले, लांबचं काय बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.

— भर उन्हाळ्यात स्वेटर?

(शिडाची बोट. शेवटच्या दोन बंदरांच्या मधे, ऊन उतरायला लागलंय. सुकाणूवर पुतणी, शेजारी काका. काकू खाली, केबिनमध्ये आडवी.)

पुतणी : काकू झोपली का?

काका : झोपली कसली. डोळे मिटून बोटीवर रागावलीये.

पुतणी : वारा पडतोय. शीड बघा, रिकाम्या पोत्यासारखं लोंबतंय. हे असंच चाललं तर अंधार पडेपर्यंत आपण बाहेरच.

काका : मग?

पुतणी : मग इंजिन लावायचं आणि उजेडात बंदर गाठायचं. त्या बंदराच्या तोंडाशी वाळू साचते, तिथं मी अंधारात शिरत नाही. स्वतःची बोट असती तरी शिरले नसते. ही तर दुसऱ्याची, नुसती पोचवायला घेतलेली. ओरखडा उठला तर पुढचं काम कोण देईल?

काका : बरोबर आहे. लाव.

पुतणी : कसं म्हणालात ‘लाव’. जसं काही दाढ काढायला तोंड उघडलंय.

काका : तसं नाही गं. उजेडात आत गेलो तर दिवा दिसायचा नाही, एवढंच. बंदर टेकडीच्या आत, दिवा टेकडीच्या बाहेर, खडकावर. तो लागेल तेव्हा आपण धक्क्याला चहा पीत असणार.

पुतणी : सगळी नोकरी त्याच दिव्यावर काढलीत ना तुम्ही?

काका : दिव्यावर नाही, दिव्यात. पोटात राहणाऱ्याला तोंड कुठून दिसणार? सामानाची होडी यायची दिवसाढवळ्या, जायची दिवसाढवळ्या. रात्री बाहेरून तो कसा दिसतो, हे मी कधी बघितलंच नाही. काच मात्र रोज पुसली.

पुतणी : म्हणून आलात होय. मला वाटलं, पुतणीची बोट चालवायची कला बघायला आलात.

काका : तीही बघितली. परवाच्या बंदरात धक्का कुठं संपतो ते तुला जरा उशिरा कळलं.

पुतणी : दोरी चुकीची कुणी सोडली होती?

काका : ते जाऊ दे. तिकडे बघ जरा.

पुतणी : काय आहे?

काका : जमीन. जन्मभर मी पाणीच बघितलं, ते मला पाठ आहे. पण जमीन अशी लांबून, आडवी पसरलेली, कधी बघितली नव्हती. काल ते मोठं शहर मागे पडलं ना? माणसं, गाड्या, कोर्टकचेऱ्या, सगळं मिळून एक बोटभर जाड रेघ. आणि तिच्यामागे डोंगर आपले उभे, कुणाची दखल न घेता. मी तासभर नुसता बघत होतो. तुला वाटलं, मला डुलकी लागली.

पुतणी : तुमचं तोंड उघडं होतं.

काका : ते मिटायचं राहून गेलं.

पुतणी : नीट दिसतं का पण, काका? डोळ्यांचं काय म्हणतायत?

काका : मधे डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू नाहीस, शिडाकडे बघितलं की तू आहेस. पुढं कडाही जातील म्हणे.

पुतणी : काकूला माहीत आहे हे?

काका : तिनंच डॉक्टरला विचारलं. मी कुठला विचारतोय.

पुतणी : बरं, मला ते शिडं शिवणाऱ्या बाईंचं सांगा. आपलं फाटलेलं शीड त्यांनी शिवून दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, इकडे खाली एक दिवा आहे, तो रोज एकदा पापणी लववतो. त्यांचे वडील मासेमारीला जायचे, ती बघून घराकडे बोट वळवायचे. आणि तुम्ही एकदम त्यांच्या दुकानातल्या दोऱ्याच्या रिळांमध्ये काहीतरी शोधायला लागलात.

काका : गरम होत होतं.

पुतणी : काका.

काका : दिवा लागला की पहिल्यांदा मी भिंगाचा एक फेरा झाकायचो. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता, तो दिव्यावर उपडा धरायचा. एक फेरा. बोटं भाजायची.

पुतणी : काय? दोन चमका आणि मग अंधार, ही त्या दिव्याची खूण आहे. आम्ही त्या खुणेवर जगतो. ती चुकली तर माणूस म्हणेल हा दुसराच दिवा, आणि थेट खडकावर जाईल. आणि तुम्ही तिच्यावर डबा धरायचात?

काका : अंधार व्हायच्या आत. आणि एकच फेरा. तरी नोकरी गेली असती.

पुतणी : जायलाच हवी होती. कशासाठी पण?

काका : तुझ्या काकूसाठी. ती या बंदराच्या गावात, मी खडकावर. वायरलेस होता, पण तो सरकारी. त्यावर वाऱ्याचा वेग सांगायचा. ‘मी जेवलो, तू जेवलीस का’ हे त्यावर कसं विचारणार? म्हणून ठरवलं. दिवा एकदा मिटला की समजायचं, मी बरा आहे. जेवलोय.

पुतणी : आणि ती खूण सबंध किनाऱ्यानं वाचली. तुम्ही जेवलात की माणसं घराकडे वळायची.

काका : तेच ना. त्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं मला. मी एका माणसाला सांगत होतो गं. आणि ऐकत होतं कोण कोण. त्या अंधारात एवढी माणसं आहेत, हे मला कधी सुचलंच नाही.

पुतणी : आणि ज्या माणसाला सांगत होतात त्याला?

काका : हळू बोल, खाली ऐकू जाईल. ती म्हणायची, दिसला. सुट्टीवर आलो की विचारायचो, रोज दिसतो ना? रोज दिसतो म्हणायची. मग एका सुट्टीत दिवेलागणीला मी अंगणात येऊन उभा राहिलो. टेकडी मधे. दिव्याचा मागमूस नाही. गल्लीच्या टोकाला गेलो, धक्क्यावर गेलो. कुठूनच नाही.

पुतणी : गावात कुठूनच नाही?

काका : टेकडीहून उंच एकच जागा होती. बर्फाच्या कारखान्याची गच्ची. पण तिथं कुणी कामगार पडला, तेव्हापासून तिला कायमचं कुलूप. काकू होती कारखान्यात, पण खाली, काट्यावर, बोटींना बर्फ मोजून द्यायला.

पुतणी : म्हणून प्रत्येक बंदरात ती बर्फवाल्याशी भांडते.

काका : तर मला कळलं, ही आपली माझं मन राखते. वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं, पण राग नाही आला. विचारलं मात्र कधी नाही.

पुतणी : आणि डबा?

काका : धरत राहिलो. थांबवला असता तर तिला कळलं असतं की मला कळलंय.

पुतणी : एकही दिवस चुकला नाही?

काका : एकदा. तापानं फणफणलो होतो, जोडीदारानं दिवा लावला. त्याला डब्याचं काय माहीत? दुसऱ्या दिवशी सामानाची होडी आली, तिच्यात ही. होडीच्या फळीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली, तोंड पांढरंफटक. पाण्यावर पाय ठेवायची तिची तीच पहिली वेळ. त्यानंतर आत्ता ही.

पुतणी : कशाला आली होती?

काका : स्वेटर द्यायला.

पुतणी : थंडी होती?

काका : छे. खडक इतका तापलेला की अनवाणी उभं राहता येत नव्हतं.

पुतणी : भर उन्हाळ्यात स्वेटर?

काका : तोही अर्धवट. एक बाही विणायची राहिली होती, लोकर लोंबत होती. म्हणाली, बाहीचं माप घ्यायला आले.

पुतणी : आणि तुम्ही?

काका : मी हात पुढे केला. तिनं माप घेतलं, कपाळाला हात लावून बघितला आणि त्याच होडीनं परत गेली. सगळी वाट उलट्या करत.

पुतणी : काका, पाण्याला एवढी घाबरणारी बाई. दिवा मिटला नाही त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाहीचं माप घ्यायला?

काका : मला वाटलं, बायकांना विणकामाचं असतं काहीतरी.

पुतणी : धन्य आहे तुमची.

काका : थांब जरा. बोलू नकोस.

पुतणी : नाही बोलत.

काका : पण घरातून दिसत नाही गं.

पुतणी : घरातून नाही दिसत.

काकू : काय कुजबुज चाललीये वर? आणि आपण पुढे जातोय की नुसते हलतोय?

पुतणी : ये काकू, बस. हा कठडा धर. तुलाच विचारायचं होतं. इंजिन लावलं तर अंधाराच्या आत धक्का, रात्री पलंगावर झोप. नाही लावलं तर रात्र इथंच, बाहेर, नांगर टाकून. बोट हलत राहील.

काकू : सकाळपर्यंत?

पुतणी : सकाळपर्यंत.

काका : लाव गं इंजिन. तिला त्रास होईल.

काकू : तुम्हाला कुणी विचारलं? खाली किती खोल आहे गं?

पुतणी : सांगू नको म्हणालीस ना?

काकू : नकोच सांगू. दिवा किती वाजता लागतो हो हल्ली?

काका : आता माणूस नाही तिथं. उजेड कमी झाला की आपोआप लागतो.

काकू : म्हणजे त्याच वेळेला.

काका : अगं, पण तुला रात्रभर...

काकू : मला इंजिनाचा वास सोसत नाही. मळमळतं. राहू दे बंद.

पुतणी : ठीक आहे. वाऱ्यावर जमेल तेवढं जाऊ, मग नांगर.

काकू : आणि ती घोंगडी दे इकडे. तुम्ही या बाजूला बसा, तिकडे पाण्याचे शिंतोडे येतात. असे. किती हट्टी माणूस, कान बघा, बर्फ झालेत.

काका : आपली टेकडी ती. काळी.

काकू : तीच. या बाजूनं बुटकी वाटते मेली.

पुतणी : काका, बघा, बघा. उजवीकडे. लागला.

काका : कुठे?

पुतणी : टेकडीच्या टोकापासून जरा बाजूला. हा. आणि हा. आता अंधार.

काका : नाही दिसत. नाही गं दिसत मला. डाग आड येतो.

काकू : त्याच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा.

काका : तुझ्याकडे?

काकू : माझ्या कानाकडे. हं. आता?

काका : आहे. अगं, आहे.

पुतणी : पुन्हा येईल. आला. दोन.

काका : हा तर येतो.

पुतणी : म्हणजे?

काका : आत उभं राहिलं की किरण लांब जाताना दिसतात. चाकाच्या आऱ्यांसारखे, सगळे आपल्यापासून लांब, बाहेर, कुठंतरी. मला वाटायचं, तो नुसता जातो. हा येतो. एवढ्या पाण्यावरून सरळ माझ्यापर्यंत येतो आणि मी कोण ते विचारत नाही. असा येत होता का गं हा? रोज?

काकू : रोज.

काका : आणि मी वर बसून मोजे रफू करत होतो.

पुतणी : दोन. अंधार. किती नेमाने येतो.

काका : मशीन आहे. चुकणार नाही. पापणीही लववणार नाही.

काकू : चष्मा काढा.

काका : कशाला?

काकू : काढा म्हटलं ना.

काका : अगं, हात काढ डोळ्यांवरून. काही दिसत नाही.

काकू : दिसायचंच नाही. एक फेरा. हलू नका. झाला. घ्या, आता बघा.

पुतणी : काका? रडताय का?

काका : शिंतोडे आहेत.

पुतणी : त्या बाजूला शिंतोडे येत नाहीत.

काका : जेवलीस का गं?

काकू : जेवले.

पुतणी : दोन. अंधार.

काकू : कारखान्याच्या गच्चीची किल्ली माझ्याकडे असायची.