तावरे आबांचा संशय

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. संशय खोटा निघाला तर माणूस लाजतो — पण खरा निघाला तर? तर सुटतो का?

नीरेकाठच्या एका गावात रंगनाथ तावरे नावाचे आजोबा. तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस! ते गाडीत चढले की अख्खी गाडी खिसे चाचपायची. निवृत्त झाले — नोकरी सुटली, नजर काही सुटली नाही! देवळात प्रसाद घेतला तरी शेजाऱ्याच्या द्रोणात डोकावायचे. हसू नका पाटील, तुम्हीही आत्ताच डोकावलात!

त्यांची नात ओवी, तिसरीत. एका शनिवारी ती शाळेत गेली आणि तिच्या उशीखाली आबांना शाळेची चिठ्ठी सापडली. (उशीखाली काय बघत होते, ते विचारूच नका!) 'आजी-आजोबा दिवस. शनिवार, सकाळी नऊ.' म्हणजे आजच! आणि बायको नवं लुगडं नेसून निघालेली!

"कुठं गं, इंदू?"

"भजनाला."

"सकाळी नऊला?"

"अहो, देवाचं नाव घ्यायला वेळ बघायची का?"

गेली! आबा मागोमाग. शाळेच्या खिडकीतून बघतात तर काय — इंदूबाई आजी-आजोबांच्या रांगेत, आणि ओवीनं एका परक्या म्हाताऱ्याचा हात धरलेला! आणि सांगतेय, "हे माझे आजोबा!"

"असं आहे तर! माझी लाज वाटते पोरीला. उसना आजोबा आणलाय!"

तरातरा आत शिरले. "कोण हो तुम्ही? माझ्या नातीचा हात सोडा!"

म्हातारा धडपडत उठला, हातातली काठी पडली. "माफ करा... मी जातो."

वर्गाच्या बाई पुढं आल्या. "आबा, हे शेळके काका. यांची नात वेदिका याच वर्गात होती. जूनमध्ये मुलगा सगळ्यांना घेऊन नाशिकला गेला, हे एकटेच राहिले. आजचा दिवस लक्षात ठेवून आले आणि दारातच उभे राहिले. ओवी उठली, म्हणाली — आजच्यापुरते माझे व्हा."

आबा थबकले. पण खोड जाते का? "मग चिठ्ठी का लपवलीस?"

"लपवली," ओवी म्हणाली. मंडळी, संशय खरा निघाला! "मागच्या वर्षी याच दिवशी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत तुम्ही हर्षूच्या आजीला म्हणालात, लिंबू डिंकानं चिकटवलंय. त्या रडल्या, आबा. हर्षू अजून माझ्याशी बोलत नाही."

इंदूबाईंनी मान खाली घातली. तीस वर्षं लोकांना पकडणारा माणूस — आज स्वतः सापडला! आबांनी वाकून काठी उचलली, शेळक्यांच्या हाती दिली. "बसा. चुकलं माझं." मग हर्षूच्या आजीपुढं हात जोडले, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. ओवीनं हाक मारली नाही, बरं का! लेकराचा राग तो!

अर्ध्या तासानं आली. "आबा, आजोबांनी गोष्ट सांगायचीय. येता? पण कुणावर ओरडायचं नाही."

"नाही."

"शप्पथ?"

आबांनी गळ्याला हात लावला. तेव्हा कुठं तिनं त्यांचं बोट धरलं.

तर मंडळी, संशय खरा ठरला म्हणून आबा सुटले का? छे! उलट तिथंच अडकले! आता तुमचं सांगा. तुम्ही दारात चप्पल काढता आणि आतलं बोलणं थांबतं — होतं ना असं? मग काय लपवतात, हे शोधू नका. ही माणसं मला का भितात, हे स्वतःला विचारा. हरीचं नाव इथं कीर्तनात घेतलंत, गोड वाटलं. पण आज घरी तुमची चाहूल लागल्यावर कुणी गप्प झालं नाही ना — तर ते नाव पोचलं म्हणायचं!