काट्याआधीचा व्हॉल्व्ह

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दीर-भावजय बसले होते.

"भाऊजी, बॉयलरचा काटा तर कमीच दाब दाखवत होता ना? मग पाइप फुटला कसा?"

"काटाच बिघडला होता, वहिनी. दाब फार वाढला की काट्याकडे जाणारी वाफ अडवायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो गळत होता, म्हणून काढून ठेवला."

"कुणी?"

"मी. दादा म्हणाला होता, नवा बसेपर्यंत बॉयलर पेटवू नकोस."

"आणि तुम्ही पेटवलात."

"दाब एकदम चढला, त्या धक्क्याने काटा आतून निखळला असणार. वर सरकेचना. मला वाटलं दाबच कमी आहे, म्हणून आच वाढवत गेलो. दादाने मला बाजूला ढकललं आणि वाफ त्याच्या अंगावर आली."

"माझ्याकडे बघून बोला."

"नाही बघवत, वहिनी."

नर्स बाहेर आली.

"शुद्धीवर आलेत. धाकट्याला कुठे भाजलं का, एवढंच विचारताहेत. एकानेच आत जा."

"तुम्ही जा, वहिनी. मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. आधी त्यांना धडधाकट दिसा. माझं बोलणं राहिलंय, ते नंतर."