रागिणीचा बिल्ला

अमरावतीच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो. शेजारी दोघे येऊन टेकले. धरणावरच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचे ते स्वयंसेवक होते. त्यांतल्या तरण्याचे कपडे अजून ओले होते.

“डोमाजीकाका, फळ्यावर पोरीचा बिल्ला नव्हता. म्हणून तर आमी बचावाची बोट काठाले लावली.”

“होता, चंद्रभान. मीच काढला.”

“काहून?”

“पाण्यात जातानी बिल्ला टांगायचा, परत आल्यावर काढायचा. काढायचा राहिला की गुण कापतेत. मले वाटलं, रागिणी आली अन् इसरली. पह्यल्या नंबरावर होती ना पोरगी.”

“तिले काठावर पाह्यलं होतं का तुमी?”

“नाही.”

“अन् पोरगी तिकडं उलट्या होडीले धरून बोंबलून राहिली असन! सामान आवरतानी एक होडी कमी भरली, तवा समजलं. आमी पोचलो तवर तिचा हात सुटून ती पाण्याखाली गेली होती.”

“हळू बोल, बापा. तिची माय बसली आहे तिथं.”

तेवढ्यात ती बाईच उठून आली.

“भाऊ, माह्या पोरीले तुमीच बाहेर काढलं ना?”

“हो, बाई,” चंद्रभान म्हणाला.

“डॉक्टर म्हणतेत, शुद्धीवर येईन का नाही, सांगता येत नाही. एवढा वेळ काहून लागला, भाऊ?”

“वारा लय होता. बोट पुढं सरकतच नव्हती.”

“तरी तुमी धावले. देव तुमचं भलं करो.”

“बाई,” डोमाजी म्हणाले, “वारा केव्हाच पडला होता. बसा इथं. मी सांगतो.”

मी उठून तिला जागा दिली.